ओझरची मुक्कामी फेरी: क्रू-वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरचे एक प्रकरण

दिल्लीहून एक विमान रात्री ८.१० ला नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०.१० ला परत दिल्लीला निघते. मधल्या वेळात दोन पायलट आणि चार केबिन क्रू असे सहा जण नाशिकच्या हॉटेलात मुक्काम करतात. एवढी साधी फेरी जानेवारीत वारंवार कोलमडते आणि जाताना दिल्लीतल्या आणखी दोन उड्डाणांना घेऊन जाते. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मात्र ती शेवटपर्यंत हिरवी, म्हणजे नियमात बसणारी, असते.

यातली विमान कंपनी आणि तिचे आकडे अभ्यासासाठी रचलेले आहेत. नियम, विमानतळ आणि रस्ते खरे आहेत. कंपनीचा क्रू-बेस दिल्लीला आहे, विमाने १८० आसनी आहेत, आणि वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर सांभाळणारा गट नाशिकच्या अंबडमध्ये बसतो असे धरू.

फेरी कशी बांधली होती

एसटीची मुक्कामी गाडी ज्याने पाहिली आहे त्याला ‘पेअरिंग’ वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चालक-वाहक डेपोतून निघतात, दोन-तीन फेऱ्या मारतात, शेवटच्या गावी मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी डेपोत परत येतात. ही सगळी मिळून एक कामगिरी. विमानाच्या क्रूचेही तसेच: बेसवरून निघून बेसवर परत येईपर्यंतची उड्डाणांची साखळी म्हणजे एक पेअरिंग. ते कोणा माणसाच्या नावावर नसते. नावे नंतर, रोस्टर लावताना पडतात. हे दोन टप्पे एकात मिसळले की सॉफ्टवेअरही गोंधळते आणि ते वापरणाराही.

आपल्या पेअरिंगचा पहिला दिवस असा. सकाळी १०.०० ला दिल्लीत रिपोर्टिंग. ११.०० ते १३.५० दिल्ली–बेंगळुरू, १४.३० ते १७.२० परत दिल्ली, १८.१० ते २०.१० दिल्ली–नाशिक. उतरल्यावर अर्धा तास धरून २०.४० ला ड्युटी संपते. ब्लॉक टाइम, म्हणजे चाके हलल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ, ७ तास ४० मिनिटे. एकूण ड्युटी १० तास ४० मिनिटे. दुसऱ्या दिवशी ९.१० ला ओझरला रिपोर्टिंग, १०.१० ते १२.१० नाशिक–दिल्ली, आणि ५० मिनिटांत दुसऱ्या विमानात बसून १३.०० ला लखनऊ.

२०.४० ते ९.१० म्हणजे १२ तास ३० मिनिटे. नियमाप्रमाणे उड्डाणाआधीची विश्रांती किमान १२ तास किंवा आधीच्या ड्युटीइतकी, यातली जी जास्त असेल ती. इथे १२ तास पुरतात. वर अर्धा तास शिल्लक. या प्रकरणाचे मूळ त्या अर्ध्या तासात आहे.

सॉल्व्हरने हेच का निवडले

पेअरिंग शोधून देणारा गणिती प्रोग्राम म्हणजे सॉल्व्हर. पेअरिंग शोधणे हे गणिताच्या भाषेत संच-विभाजन आहे. प्रत्येक उड्डाण बरोबर एकाच पेअरिंगमध्ये यायला हवे आणि निवडलेल्या सगळ्या पेअरिंगची एकूण किंमत कमीत कमी हवी. उड्डाणे शंभरेक असली तरी शक्य पेअरिंग लाखांत जातात, म्हणून ती सगळी आधी लिहून काढत नाहीत. थोड्या पेअरिंगवर गणित सोडवायचे, त्यातून प्रत्येक उड्डाणाचा ‘भाव’ काढायचा, म्हणजे ते उड्डाण सांभाळणे सध्या किती महाग पडते आहे ते पाहायचे, आणि त्या भावाने फायद्याची ठरेल अशी नवी पेअरिंग शोधून यादीत घालायची. फायद्याची एकही सापडेनाशी झाली की थांबायचे. यालाच कॉलम जनरेशन म्हणतात. नवी पेअरिंग शोधणे म्हणजे उड्डाणांच्या जाळ्यात सर्वांत स्वस्त वाट काढणे. फक्त वाटेवर ड्युटीचे तास, ब्लॉक टाइम आणि लँडिंगची संख्या हे तीन मोजमाप बरोबर चालवावे लागतात. मर्यादा ओलांडणारी वाट तिथल्या तिथे तोडली जाते. यामागचे गणित गुरोबी, सीप्लेक्स किंवा फुकट मिळणारा हाय्स (HiGHS) यांपैकी एखादा सॉल्व्हर सोडवतो. या आकाराच्या जाळ्याला तिन्ही पुरतात, आणि सॉल्व्हर कुठला यावर बैठकीत जितका वेळ जातो तितका तो विषय मोठा नाही.

किंमतीच्या सूत्रात तीन गोष्टी होत्या: क्रू-दिवस, हॉटेलच्या खोल्या आणि डेडहेड, म्हणजे क्रूला प्रवासी म्हणून बसवून नेणे. या तिन्ही मोजपट्ट्यांवर वरची पेअरिंग उत्तम ठरते. ८ तासांच्या उड्डाण-मर्यादेत ७ तास ४० मिनिटे उड्डाण, मध्ये कुठे रिकामे बसणे नाही, मुक्काम एकच. सॉल्व्हरने आज्ञेबाहेर काहीही केलेले नाही. सूत्रात ज्याला किंमत नाही ते त्याच्या लेखी फुकट, आणि मोकळ्या वेळेला कोणी किंमतच लावली नव्हती. त्याने तो वेळ जिथे मिळाला तिथून काढून घेतला. ओझरला ३० मिनिटे ठेवली, दिल्लीत विमान बदलायला ५०.

आता दोन्ही ठिकाणे शेजारी ठेवून पाहा. दिल्लीत स्टँडबाय, म्हणजे राखीव, क्रू आहे. ५० मिनिटांचे गणित चुकले तर फोन करून दुसरा क्रू उभा करता येतो. ओझरला स्टँडबाय नाही. तिथली ३० मिनिटे संपली की पर्यायही संपले. हा फरक सूत्राला ठाऊक नाही.

धुक्याच्या दिवशी

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत सकाळी धुके पडते. सकाळची विमाने उशिरा सुटतात आणि दिवसभर तो उशीर पुढे सरकत जातो. समजा, क्रूने १०.०० ला रिपोर्टिंग केले, पण विमानच उशिरा आले आणि दिवसाअखेर एकूण २ तासांचा उशीर झाला. ओझरला विमान २२.१० ला थांबते. ड्युटी २२.४० ला संपते. विश्रांती १२ तास धरली तर रिपोर्टिंग १०.४० ला आणि उड्डाण ११.४० ला. क्रू कंट्रोलमधला माणूस हेच तोंडी गणित करून प्रवाशांना ‘दीड तास उशीर’ असा संदेश पाठवतो.

ते चुकते. ड्युटी आता १० तास ४० मिनिटांची राहिलेली नाही, १२ तास ४० मिनिटांची झाली आहे. विश्रांतीही तेवढीच हवी. रिपोर्टिंग ११.२०, उड्डाण १२.२०, म्हणजे २ तास १० मिनिटे उशीर. ड्युटी १२ तासांच्या पुढे गेली की प्रत्येक मिनिट दोनदा मोजले जाते: एकदा ड्युटी उशिरा संपते म्हणून आणि एकदा विश्रांती लांबते म्हणून. आपल्या पेअरिंगमध्ये ही वेळ ८० मिनिटांच्या उशिरानंतर येते. प्रवाशांना दुसरा संदेश जातो, आणि काउंटरवरचा आवाज चढतो तो बहुधा या दुसऱ्या संदेशाने.

हीच चूक सॉफ्टवेअरमध्येही सापडली. विश्रांतीची तपासणी नियोजित वेळांवर चालत होती, प्रत्यक्ष वेळांवर नाही. विमानातून येणारे चार संदेश (चाके हलली, उडाले, टेकले, थांबले) आपोआप नोंदले जात होते, पण ते फक्त उड्डाणांच्या तक्त्यापर्यंत पोचत. क्रूच्या तक्त्यात ‘ड्युटी समाप्त’ हा रकाना नियोजनाच्या वेळी एकदा भरला की तसाच राही. विमान उशिरा उतरल्याचे विमानांच्या पडद्यावर दिसते, क्रूच्या पडद्यावर नाही. असा प्रकार जुन्या, तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या प्रणालीत सर्रास आढळतो.

मध्यरात्रीची कडा

डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ८ जानेवारी २०२४ ला सुधारलेल्या नियमांत रात्रीची व्याख्या ००.०० ते ०५.०० ऐवजी ००.०० ते ०६.०० अशी झाली. या वेळेत शिरणाऱ्या ड्युटीला ८ तास उड्डाण, १० तास उड्डाण-ड्युटी आणि दोन लँडिंग अशी मर्यादा आली. लँडिंगची आधीची मर्यादा सहा होती. उड्डाण-ड्युटी रिपोर्टिंगपासून विमान थांबेपर्यंत मोजतात.

ही मर्यादा उताराची नाही, कड्याची आहे. एखाद्या क्रूचे रिपोर्टिंग १३.३० ला आहे आणि विमान २३.५० ला थांबते असे समजा. उड्डाण-ड्युटी १० तास २० मिनिटांची होते आणि दिवसाच्या नियमात बसते. तेच विमान ००.०५ ला थांबले तर १० तास ३५ मिनिटे होतात, पण तोवर लागू मर्यादाच १० तासांवर आलेली असते. पंधरा मिनिटांच्या उशिराने अख्खी ड्युटी बेकायदा ठरते, आणि हे विमान उडण्याआधीच कळायला हवे. उडाल्यावर कळून उपयोग नाही.

या प्रकरणातली सर्वांत बारीक चूक इथेच होती. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवल्या होत्या, आणि ते योग्यच. पण रात्रीची खिडकी, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची वेळ, काढताना भारताचा यूटीसीशी असलेला फरक पूर्णांकाच्या रकान्यात ठेवला होता. साडेपाच तासांचे त्यात झाले पाच. भारतातले ००.०० ते ०६.०० यूटीसीत १८.३० ते ००.३० होतात, सॉफ्टवेअर १९.०० ते ०१.०० तपासत होते. ००.१० ला ओझरला थांबणारे विमान यूटीसीत १८.४० ला थांबते. चुकीच्या खिडकीच्या वीस मिनिटे आधी. पडदा हिरवा. चाचणीत ही चूक सापडली नाही, कारण चाचणीची सगळी उदाहरणे रात्री १ आणि ३ वाजताची होती. सीमेवरची चार उदाहरणे, म्हणजे २३.५९, ००.००, ०५.५९ आणि ०६.०१, प्रत्येक नियमासाठी सक्तीची केल्यावर ती पहिल्याच फेरीत उघडी पडली.

रकान्याच्या मापाने विमाने जमिनीवर बसल्याचे जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. २५ डिसेंबर २००४ ला कोमएअर या कंपनीची क्रू-प्रणाली बंद पडली आणि सुमारे ११०० उड्डाणे थांबली. महिन्यात क्रूचे ३२,७६८ पेक्षा जास्त बदल तिला नोंदवता येत नव्हते, आणि हिमवादळाच्या आठवड्यात ते झाले. सोळा बिटांचा रकाना भरला, एवढेच कारण.

दुसरी गोष्ट नियमांच्या तारखांची. सुधारित नियम १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर पहिल्या टप्प्यात गेली, रात्रीच्या तरतुदी दुसऱ्यात आल्या. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली. त्यानंतर ५ डिसेंबरला साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा न धरण्याची अट मागे घेतली गेली, आणि त्या एका कंपनीला रात्रीच्या तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. म्हणजे एकच नियम एकाच दिवशी एका कंपनीला लागू आणि दुसरीला नाही. नियम कोडमध्ये ‘जर-तर’ करून लिहिले असतील तर हे बदल रातोरात करता येत नाहीत. प्रत्येक नियम तक्त्यात हवा: मर्यादा, लागू तारीख, समाप्तीची तारीख, कोणाला लागू. केबिन क्रूची नियमावली वेगळी असल्याने शेवटचा रकाना तसाही लागतोच.

रात्री अकराला काय करता येते

विमान ओझरला उशिरा उतरले आहे, सकाळचे उड्डाण वाचवायचे आहे. क्रू कंट्रोलला पहिल्यांदा सुचतो तो मार्ग मुंबईचा: तिथे एखादा क्रू मोकळा असेल तर गाडीने पाठवा. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ साधारण चार तास. ९.१० च्या रिपोर्टिंगसाठी पहाटे ५ ला निघायला हवे. पण कामावर जाण्यासाठी कंपनीने घडवलेला प्रवास ड्युटीत धरतात, आणि त्याला जोडून उड्डाण असेल तर उड्डाण-ड्युटीची सुरुवात गाडीत बसल्यापासून होते. ९.१० ला ओझरला पोचलेला क्रू ताजा नाही. त्याचे चार तास कसारा घाटातच खर्च झाले आहेत. शिवाय पहाटे २ ते ६ ही शरीराच्या सर्वांत मंद वेळेची खिडकी. ड्युटी त्यात सुरू झाली की कमाल मर्यादा आणखी घटते. हा क्रू नाशिक–दिल्ली करू शकेल, पुढचे लखनऊ बहुधा नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘रस्त्याने डेडहेड’ हा प्रकारच नसल्याने ही सुचवणी फोनवर ठरली आणि तपासणीशिवाय पुढे गेली. रस्ताही एक उड्डाण म्हणून, निघण्याच्या आणि पोचण्याच्या वेळेसह, जाळ्यात घालणे हा त्यावरचा साधा उपाय.

दुसरा मार्ग दिल्लीतला. क्रू उशिरा येणारच आहे, तर १३.०० चे लखनऊ स्टँडबायला द्या. हे जमते, पण स्टँडबाय पायलट दाट धुक्यात उतरण्याच्या प्रशिक्षणाचा हवा. नसेल तर कागदावर क्रू पूर्ण असूनही विमान हलत नाही. स्टँडबायची यादी नुसती माणसे मोजून भरली की हे हमखास घडते. हिवाळ्यापुरती ती पात्रतेप्रमाणे वेगळी मोजावी.

तिसरा मार्ग म्हणजे क्रूला घरून निघण्याआधीच कळवून रिपोर्टिंग पुढे ढकलणे. धुक्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी आलेला असतो, त्यामुळे सर्वांत स्वस्त मार्ग हाच. त्यासाठी सॉफ्टवेअरने सकाळी ७ ला सांगायला हवे की हे विमान १० वाजता मिळणार नाही. विमानांचा आणि क्रूचा तक्ता एकमेकांशी बोलत नसतील तर ते कोण सांगणार?

दुरुस्ती

नवी योजना बांधताना जानेवारीच्या ३१ संध्याकाळींचा नमुना घेतला: १७ दिवस १५ मिनिटे उशीर, ८ दिवस ६० मिनिटे, ४ दिवस १२० मिनिटे, २ दिवस २४० मिनिटे. जुन्या पेअरिंगवर हा नमुना चालवला की सकाळच्या उड्डाणाचा उशीर असा निघतो: १७ दिवस शून्य, ८ दिवस ३० मिनिटे, ४ दिवस १३० मिनिटे. बेरीज ७६० मिनिटे. उरलेल्या दोन दिवशी विमान ००.१० ला ओझरला पोचते, उड्डाण-ड्युटी १४ तास १० मिनिटे होते, आणि क्रू ते उड्डाण करूच शकत नाही. संध्याकाळचे आणि दुसऱ्या सकाळचे अशी दोन्ही उड्डाणे जातात.

नव्या योजनेत बेंगळुरूची जोडी या क्रूकडून काढली. मुक्कामी क्रूचे रिपोर्टिंग १७.१० ला, एकच उड्डाण, नाशिक. सकाळचे उड्डाण १०.१० वरून १०.३५ ला नेले आणि दिल्लीतला विमानबदल ५० मिनिटांवरून अडीच तासांवर. ड्युटी आता २४० मिनिटांच्या उशिरानेही साडेसात तासांची होते, त्यामुळे मिनिट दोनदा मोजण्याचा प्रकार संपतो. ००.१० ला उतरले तरी उड्डाण-ड्युटी सात तास, लँडिंग एक; रात्रीच्या मर्यादेत बसते. विश्रांतीतली शिल्लक ५५ मिनिटे. तोच नमुना चालवला की ८ दिवस ५ मिनिटे, ४ दिवस ६५, २ दिवस १८५, बेरीज ६७० मिनिटे आणि रद्द उड्डाण एकही नाही.

मिनिटांत फार फरक पडला नाही, हे खरे. जुन्या योजनेतल्या ७६० मध्ये रद्द झालेल्या दोन दिवसांचा उशीर शून्य धरला जातो, हेही लक्षात ठेवावे. नुसती मिनिटे मोजणारा अहवाल रद्द उड्डाणाला बक्षीस देतो.

किंमत मोजावी लागलीच. बेंगळुरूच्या जोडीसाठी रोज एक क्रू वेगळा लागला. व्यापारी विभागाची तक्रार १०.३५ वर होती, कारण सकाळच्या प्रवाशाला दिल्लीत लवकर पोचायचे असते. ती अवाजवी नाही: एरवी वेळेवर निघणाऱ्या १७ दिवशीही प्रत्येक प्रवासी २५ मिनिटे देतो. म्हणून सूत्रात हे सगळे रुपयांत घातले. क्रू-दिवस, खोल्या, डेडहेड यांच्या जोडीला अपेक्षित उशीर आणि रद्द होण्याची शक्यता. त्यांचा दर ठिकाणाप्रमाणे वेगळा ठेवला. स्टँडबाय असलेल्या दिल्लीत एक मिनिट स्वस्त, ओझरला महाग. नमुना महिन्याप्रमाणे बदलतो; जानेवारीचा आकडा एप्रिलला लावला तर सॉल्व्हर विनाकारण क्रू मोकळा ठेवतो.

ओझरच्या नोंदीत आणखी दोन रकाने वाढवले. हे विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे. लढाऊ विमानांच्या चाचण्या याच धावपट्टीवर होतात. धावपट्टी बंद असल्याच्या सूचना तारीख-वेळेसह थेट जाळ्यात येतात, कोणाच्या ईमेलमध्ये पडून राहत नाहीत. दुसरा रकाना हॉटेलच्या प्रवासाचा. जानोरीच्या बाजूने दहाव्या मैलावर येऊन आडगावमार्गे नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत ४५ मिनिटे धरली आहेत. कंपनीचा स्वतःचा नियम खोलीत सलग १० तासांचा आहे. १२ तासांच्या विश्रांतीतून दोन्ही वेळचा प्रवास वजा केला की साडेदहा तास उरतात. द्वारकेला अडकून दोन्ही वेळा ९०-९० मिनिटे लागली, तर नऊच. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाच्या स्नानांच्या दिवशी रस्ते वळवले जातील आणि शहरातल्या खोल्या मिळणार नाहीत. त्या तारखांना प्रवास १२० मिनिटे धरून पेअरिंग पुन्हा सोडवली, तेव्हा सॉल्व्हरने ओझरचा मुक्कामच काढून टाकला आणि विमान रात्रीच दिल्लीला परत नेले. हा निर्णय विमानतळाच्या त्या दिवसांच्या वेळा कळल्यावर पुन्हा तपासायचा आहे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक सुरू होते. त्या दिवसापासून उड्डाण परत १०.१० ला येते. बेंगळुरूची जोडी मात्र मुक्कामी क्रूला परत दिलेली नाही.